एका नावाची किंमत
(रँडी शिल्ट्स यांच्या 'अँड द बँड प्लेड ऑन' या पुस्तकाच्या निमित्ताने)

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या वाचनालयाने जुनी पुस्तके डॉलरला एक या भावाने विकायला काढली. अशा विक्रीला मी न चुकता जाते आणि घरात जागा नसताना पिशवीभर पुस्तके घेऊन येते. त्यावरून आमच्या घरी जी बोलणी होतात ती तुमच्याही घरी होत असणार. त्या ढिगात रँडी शिल्ट्स यांचे 'अँड द बँड प्लेड ऑन' हे जाडजूड पुस्तक हाती लागले. १९८७ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा मी एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये नोकरीला होते. लॅबमध्ये एकच प्रत होती आणि ती आम्ही सगळ्यांनी हातोहात वाचली होती. तेव्हा वाचताना डोळ्यांत पाणी आले होते. या वेळी मात्र राग आला. निम्मा राग पुस्तकावर होता आणि निम्मा स्वतःवर, कारण पहिल्या वाचनात जे खटकायला हवे होते ते मला मुळीच खटकले नव्हते. त्या रागाचा हिशेब मांडावा म्हणून हा लेख.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. शिल्ट्स हे 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'चे बातमीदार. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, आपल्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापली. एड्सचा छापील इतिहास तिथून सुरू होतो. पुढच्या काही वर्षांत कोण झोपले, कोणी डोळे मिटून घेतले आणि कोण जीव तोडून ओरडत राहिले याची सहाशेहून अधिक पानांची ही कहाणी आहे. शिल्ट्स स्वतः समलिंगी होते. १९९४ साली याच रोगाने ते वारले. तेव्हा दुरून गंमत पाहणाऱ्याचे हे लेखन नव्हे, हे आधी मान्य केले पाहिजे.

पुस्तकाचे मोठेपणही मान्य केले पाहिजे. संशोधनाला पैसा देताना हात आखडणारे रेगन सरकार, विषाणूच्या शोधाचे श्रेय कोणाचे यावर भांडणारे शास्त्रज्ञ, धंदा बुडेल म्हणून कुरकुरणारे स्नानगृहांचे मालक, मतांकडे पाहणारे पुढारी यांपैकी कोणालाही शिल्ट्स सोडत नाहीत. जानेवारी १९८३ मधल्या अटलांटाच्या बैठकीचे प्रकरण तर आजही वाचवत नाही. रक्तातून रोग पसरतो आहे असे सीडीसीचे लोक सांगत होते, आणि रक्तपेढ्यांचे प्रतिनिधी पुरावा अपुरा आहे म्हणत होते. डॉन फ्रान्सिस नावाचा सीडीसीचा डॉक्टर टेबलावर मूठ आपटून, आणखी किती माणसे मरायला हवीत, असे विचारतो. पुढे या देशातल्या सुमारे निम्म्या हिमोफिलियाग्रस्तांना रक्तापासून बनवलेल्या औषधातून एचआयव्हीची लागण झाली. साथ आली की माहिती वेळेवर गोळा करणे आणि वेळेवर वापरणे हे जीवनमरणाचे काम असते, हे इतक्या ताकदीने सांगणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही.

आणि याच पुस्तकात 'पेशंट झीरो' आहे.

त्याची गोष्ट थोडक्यात अशी. रोगाचा विषाणू सापडायच्या आधी, १९८२ च्या सुमारास, सीडीसीचे संशोधक रुग्णांना भेटून त्यांच्या शरीरसंबंधांची साखळी जुळवत होते. पहिल्या २४८ समलिंगी रुग्णांपैकी ४० जण, दहा शहरांत विखुरलेले, एकमेकांशी जोडता आले. मधोमध एक तरुण होता, कॅनडाच्या विमानकंपनीत काम करणारा. तो कॅलिफोर्नियाबाहेरचा, म्हणून टिपणांत त्याच्यापुढे इंग्रजी 'ओ' हे अक्षर लिहिलेले होते. हातोहाती त्या 'ओ'चे शून्य झाले, आणि १९८४ साली निबंध छापला गेला तेव्हा आकृतीच्या मध्यभागी 'पेशंट ०' बसला. निबंधात त्याचे नाव नव्हते. नाव छापले शिल्ट्स यांनी. शिवाय जाणूनबुजून रोग वाटत फिरणारा, देखणा, निर्दय माणूस म्हणून त्याला रंगवले. पुस्तक बाजारात येताच न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने अमेरिकेला एड्स देणारा माणूस तो हाच, अशा अर्थाचा भलामोठा मथळा दिला. पुस्तकाचे संपादक मायकेल डेनेनी यांनी पुढे सांगितले, की सरकारच्या नाकर्तेपणाबद्दल वृत्तपत्रे लिहिणार नाहीत हे दिसल्यावर हे प्रकरण आपणच पुढे केले. सहाशे पानांत त्या तरुणाच्या वाट्याला आलेली पाने थोडी, पण लोकांच्या लक्षात राहिली ती तेवढीच.

त्या तरुणाचे नाव आता जगजाहीर आहे. तरीही ते मी इथे लिहिणार नाही. ते का, हे लेखाच्या ओघात कळेल.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. त्या निबंधात संबंध आणि लक्षणे यांमधले अंतर काही महिन्यांचे धरले होते. एचआयव्हीची लागण झाल्यापासून एड्स दिसू लागेपर्यंत, उपचार नसतील तर, सरासरी दहा वर्षांच्या आसपास काळ जातो, हे आपल्याला नंतर कळले. म्हणजे त्या साखळीतल्या पुष्कळांना लागण आधीच झालेली असणार. अँड्र्यू मॉस या साथरोगतज्ज्ञाने १९८८ सालीच हा आक्षेप घेतला होता, पण आक्षेपांना मथळे मिळत नाहीत. शेवटी २०१६ साली 'नेचर'मध्ये मायकेल वोरोबी आणि सहकाऱ्यांनी १९७८-७९ मधले जतन केलेले रक्तनमुने तपासून दाखवले, की विषाणू कॅरिबियन बेटांकडून १९७० च्या आसपासच न्यूयॉर्कमध्ये पोचला होता आणि त्या तरुणाच्या रक्तातला विषाणू मुळाशी नव्हता, इतरांसारखाच मधल्या एका फांदीवर होता. रिचर्ड मॅके यांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात ही सगळी दंतकथा कशी तयार झाली ते कागदपत्रांनिशी मांडले.

इथवर आले की बहुतेक परीक्षणे थांबतात. 'निर्दोष सुटला' असे म्हणतात आणि हळहळतात. माझा आक्षेप त्याच्या पुढचा आहे. समजा, तो खरोखरच पहिला असता तर? तर नाव छापणे योग्य ठरले असते का? रुग्णाची गोपनीयता ही निर्दोष माणसाला मिळणारे बक्षीस नाही. त्या तरुणाने संशोधकांना मुलाखती दिल्या, रक्त दिले, सत्तरच्या आसपास जोडीदारांची नावे दिली. इतरांना नावे आठवत नव्हती किंवा सांगायची नव्हती, याने सांगितली. तो साखळीच्या मध्यभागी दिसतो याचे एक मोठे कारण तो जास्त बोलला हेच आहे! जो सर्वांत जास्त सहकार्य करतो तोच आकृतीच्या मध्यभागी येतो, आणि मग त्यालाच खलनायक करायचे. शिल्ट्स साथीच्या टेहळणीची थोरवी सांगतात, पण ती ज्या विश्वासावर चालते तोच त्यांनी आपल्या पुस्तकात मोडला. हा मला या पुस्तकाचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

विश्वास वगैरे शब्द वापरले की प्रवचन होते, म्हणून स्वतःच्या अनुभवातले सांगते. गाव, साल आणि काही तपशील मुद्दाम बदलले आहेत.

आमच्या लॅबमध्ये थुंकीच्या नमुन्यात क्षयाचे जंतू दिसले की ताबडतोब आरोग्य खात्याला कळवावे लागे. नाव, पत्ता, जन्मतारीख, डॉक्टर, सगळे. रुग्णाची परवानगी विचारायची नसते. एका संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली ते लाल दांडके दिसले आणि कागदावरचे नाव पाहून मी थबकले. नाव मराठी होते. मंडळातले कुटुंब, गणपतीत आमच्या बरोबर मोदक वळायला बसणारे. मी फोन केला, फॉर्म भरला आणि घरी आले. नवऱ्याला बोलले नाही.

तीन आठवड्यांनी एका हळदीकुंकवाला कुजबुज ऐकली. "अहो, त्यांच्या दारात काउंटीची गाडी रोज उभी असते. तुम्हाला माहीत नाही?" क्षयाची औषधे रुग्ण नीट घेतो की नाही हे पाहायला खात्याची नर्स घरी येते. गाडीवर खात्याचे चिन्ह होते, तेवढे पुरले. पुढच्या पॉटलकला त्या वहिनींनी आणलेल्या भरल्या वांग्यांना कोणी हात लावला नाही. क्षय अन्नातून पसरत नाही आणि योग्य उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत रुग्णापासून बहुधा धोका उरत नाही, हे त्या खोलीत सर्वांत चांगले मला ठाऊक होते. पण मी बोलले असते तर बातमीवर शिक्कामोर्तब झाले असते. मी ताटात वांगी वाढून घेतली आणि गप्प बसले. ते कुटुंब पुढे मंडळात येईनासे झाले.

याला जोडून आणखी एक. काही महिन्यांनी दुसऱ्याच घरातले एक गृहस्थ खूप दिवस खोकत होते. ते इथल्या डॉक्टरकडे गेले नाहीत. दुसऱ्या राज्यात भावाकडे जाऊन तपासून आले. "इथे कशाला, उगाच दारात गाडी," असे त्यांनी नंतर मला हसत सांगितले. त्यांना क्षय नव्हता, हे आपले सर्वांचे नशीब. असता तर तीन महिने तो आमच्या हॉलमध्ये, नाटकाच्या तालमीत, मुलांच्या मराठी शाळेत पसरत राहिला असता. काउंटीच्या कागदपत्रांतून एक अक्षरही फुटले नव्हते. जे फुटले ते आपल्या तोंडून, आणि माणसे लपायला तेवढे पुरेसे झाले.

आपल्या इतिहासात याहून भीषण धडा आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि मार्चपासून पुण्यात रँडसाहेबाचे गोरे सोजीर प्लेगचे रोगी शोधायला घरांत घुसू लागले. रोगी कळवणे म्हणजे घराची झडती, बायकांची विटंबना, माणूस इस्पितळात आणि घरचे छावणीत. लोकांनी रोगी लपवले, प्रेते लपवली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले ते आपल्याला शाळेत शिकवले होते. पण साथीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्या गोळ्यांच्या आधीच घडून गेली होती. सरकारला रोग दिसेनासा झाला होता, कारण दाखवणाऱ्यालाच शिक्षा होत होती.

शिल्ट्स यांची एकूण मांडणी अशी, की एका पारड्यात व्यक्तीचे हक्क आणि दुसऱ्यात लोकांचे प्राण, आणि हक्कवाल्यांनी आपले पारडे जड केल्यामुळे माणसे मेली. ही तराजूची उपमा आजही सर्रास वापरली जाते. मला ती अपुरी वाटते. एक पारडे रिकामे केले की दुसरे आपोआप भरत नाही. लोक लपले की गोपनीयताही जाते आणि माहितीही जाते.

मात्र उलट टोकाला जाऊन सगळेच गुप्त ठेवा म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. एचआयव्हीची चाचणी १९८५ साली आल्यावर या देशात मोठा वाद झाला, की बाधितांची नोंद नावाने करायची की सांकेतिक क्रमांकाने. कोलोरॅडोने त्याच वर्षी नावाची सक्ती केली. कॅलिफोर्निया, मेरीलँड, इलिनॉय यांनी क्रमांकाचा मार्ग धरून पाहिला. नाव घेतले तर लोक चाचणीच करणार नाहीत, ही भीती खोटी नव्हती. पण क्रमांकांनी काम नीट होईना. एकच माणूस दोनदा मोजला जाई, कोणाला उपचार मिळाले आणि कोण वाटेत गळाले ते कळेना. अखेर २००८ पर्यंत सगळी राज्ये नावांकडे वळली. मला हा निर्णय बरोबर वाटतो, पण त्याला जी कुंपणे घातली गेली त्यांच्यासकट. नावे राज्याच्या आरोग्य खात्यापर्यंत जातात, सीडीसीकडे नावे जात नाहीत. पुष्कळ ठिकाणी निनावी चाचणीचीही सोय ठेवली गेली. आपल्यातल्या पुष्कळांना वाटते तसा हिपा कायदा या नोंदणीच्या आड येत नाही. आरोग्य खात्याला रुग्णाच्या संमतीशिवाय असे कळवण्याची मुभा त्या कायद्याच्या नियमांतच दिलेली आहे.

कुंपण तुटू शकते, हेही खरे. १९९६ साली फ्लोरिडात पिनेलस काउंटीतल्या सुमारे ४,००० एड्सग्रस्तांच्या नावांची डिस्क दोन वृत्तपत्रांकडे पोचली. पण त्या वृत्तपत्रांनी यादी चोरीला गेल्याची बातमी छापली, नावे छापली नाहीत. शिल्ट्स यांच्या पुस्तकानंतर नऊ वर्षांनी, हातात चार हजार नावे असताना, त्यांना बातमी आणि नाव यांतला फरक कळला. शिल्ट्स यांनाही तो कळायला हरकत नव्हती. 'एक विमान कर्मचारी' एवढे म्हणून त्यांचा सारा युक्तिवाद उभा राहिला असता. विक्री कदाचित कमी झाली असती.

आणि आता आपल्या, म्हणजे परदेशातून इथे आलेल्यांच्या, जिव्हाळ्याचा मुद्दा. १९८७ पासून ४ जानेवारी २०१० पर्यंत एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला या देशात प्रवेश आणि ग्रीनकार्ड मिळायला कायद्याने बंदी होती. त्या काळात ग्रीनकार्ड घेतलेल्या आपण सर्वांनी वैद्यकीय तपासणीत रक्ताची ती नळी भरून दिलेली आहे. आपल्याला त्यात काही वाटले नाही, कारण निकाल काय येणार याची खात्री होती. ज्याला ती नव्हती त्याचा विचार करा. चाचणी करून घ्यावी तर औषध मिळेल, पण व्हिसा जाईल. असा माणूस चाचणी करून घेईल का? रोग रोखण्यासाठी घेतलेली माहिती माणूस रोखण्यासाठी वापरली की पहिले काम बिघडते, याचे बावीस वर्षे चाललेले हे उदाहरण. आजही हा प्रश्न संपलेला नाही. औषध लागू पडेल की नाही हे पाहण्यासाठी रुग्णाच्या रक्तातल्या विषाणूची जनुकीय क्रमवारी काढतात. ती आता आरोग्य खात्यांकडे जाते आणि कोणाचा विषाणू कोणाशी जुळतो हे पाहून साखळ्या ओळखल्या जातात. १९८२ सालच्या वहीतली ती आकृती आता संगणक काढतो, आणि त्यासाठी रुग्णाला कोणी विचारत नाही. अनेक राज्यांत एचआयव्हीसंबंधी फौजदारी कायदे अजून पुस्तकात आहेत. मग एचआयव्हीसह जगणारे लोक संमती मागा म्हणतात, त्यात त्यांचे काय चुकले?

शिल्ट्स यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. काही ठिकाणी संघर्ष खराच असतो आणि गोड बोलून तो मिटत नाही. रक्तदात्यांना त्यांच्या खाजगी आयुष्याबद्दल प्रश्न विचारणे पुष्कळांना अपमानास्पद वाटले, तरी १९८३ साली ते विचारणे भाग होते. क्षयाचा रुग्ण औषधच घेणार नाही म्हणाला तर त्याला वेगळे ठेवावे लागते. अशा जागी शिल्ट्स यांचा संताप योग्य आहे, आणि हक्कांच्या नावाखाली चाललेली टाळाटाळ त्यांनी निर्भयपणे दाखवली आहे. पण या प्रत्येक ठिकाणी आवश्यक होते ते डॉक्टरला, रक्तपेढीला, आरोग्य खात्याला कळणे. वाचकाला नाव कळण्याने एकही प्राण वाचला असता असे पुस्तकात कुठेही दिसत नाही. खात्याला सांगणे आणि गावाला सांगणे यांतला फरक या मोठ्या पत्रकाराने पुसून टाकला. तो पुन्हा नीट काढल्याशिवाय हे पुस्तक तरुण डॉक्टरांच्या हाती देऊ नये, आणि दिले तर सोबत मॅके यांचे द्यावे.

एवढे लिहून थांबणार होते. पण ज्या वहिनींबद्दल वर लिहिले, त्या मागच्या वर्षी एका लग्नात भेटल्या. प्रकृती छान होती. जेवणाच्या रांगेत त्यांनी हळूच विचारले, "ताई, तुम्हाला तेव्हा माहीत होतं ना?" मी काहीच बोलले नाही. त्यांनी माझ्या ताटात एक जिलबी वाढली आणि म्हणाल्या, "माहीत असणार म्हणूनच तुम्ही त्या दिवशी वांगी घेतलीत." हे लिहू का, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, लिहा, फक्त नाव घालू नका.